शनिवारपुरतं यंत्र

माझा एक नियम होता. कुठलीही वस्तू आठ दिवस घरात नांदल्याशिवाय तिच्याबद्दल एक ओळही लिहायची नाही. लग्न ठरवतानाही लोकांनी हा नियम पाळायला हरकत नाही, असं मी एकदा नवऱ्याला म्हटलं होतं. तो म्हणाला, "आठ दिवस तर मी बरा होतो." ते खरंच होतं.

पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांच्या कामात खोट काढणं ही माझी नोकरी. सासूबाई म्हणायच्या, हिला स्वभावाचाच पगार मिळतो. मग नवऱ्याला सिंगापूरची नोकरी लागली. त्याला एम्प्लॉयमेंट पास मिळाला आणि मला डिपेंडंट पास. कार्डावर माझ्या फोटोबरोबर तो शब्दही छापून आला होता, कुणी विचारलंच तर दाखवायला. चोआ चू कांगला अकराव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी दोन वर्षं डबे भरले, खिडक्या पुसल्या आणि खालच्या भाजीवालीशी कोथिंबिरीवरून हुज्जत घातली. मूल नव्हतं, त्यामुळे दिवस फार मोठा असायचा. अशात एका परदेशी वेबसाइटला लहानसहान उपकरणांची परीक्षणं लिहिणारी माणसं हवी होती. मोबदला म्हणजे ती वस्तू आपल्याकडेच राहायची, बास. मी हो म्हटलं. वर्षभरात घरात तीन हँड ब्लेंडर, चार टॉर्च आणि बोलणारा वजनकाटा जमा झाला. काट्यावर उभं राहिलं की तो मोठ्याने वजन सांगायचा. तो मी पहिल्याच दिवशी कपाटात कोंबला.

त्या वेबसाइटचा एक ठरलेला फॉर्म होता. आकार, वापर, दोष वगैरे रकाने आणि सगळ्यात शेवटी एक प्रश्न: हीच वस्तू तुम्ही आपल्या घरच्या माणसाला द्याल का? हो किंवा नाही. ब्लेंडरला मी डोळे मिटून हो म्हटलं होतं. काट्याला नाही.

आता नवऱ्याचं सांगायला हवं, कारण हे सगळं त्याच्यामुळे झालं. तो पुण्यातल्या कंपनीच्या पार्किंगमध्ये सिगारेट शिकला आणि पुढची अठरा वर्षं ती सोडत राहिला. सोडण्याचा त्याचा उत्साह दांडगा होता. गुढीपाडव्याला सोडायचा, दसऱ्याला सोडायचा, माझ्या वाढदिवसाला मला भेट म्हणून सोडायचा. निकोटिनच्या गोळ्या झाल्या, दंडावर चिकटवायच्या पट्ट्या झाल्या. मग शर्टाला वेलदोड्याचा वास यायला लागला की मी ओळखायचे. सुरुवातीला मी रडले, नंतर भांडले, आणि नंतर मला दोन्हीचा कंटाळा आला. वेलदोडे मात्र मी आणणं बंद केलं. शिऱ्यातही घालत नसे.

मग डॉक्टरने त्याला एका नळीत जोरात फुंकायला लावलं आणि कागद काढून दाखवला. नवरा बेचाळीस वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं साठीच्या माणसाची आहेत. आता थांबलात तर जे आहे ते टिकेल. नाही थांबलात तर पुढच्या वर्षी मी तुम्हाला आणखी म्हातारा आकडा सांगेन. परत येताना एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनासमोरच्या ओव्हरहेड ब्रिजच्या पायऱ्या चढताना तो मध्येच थांबला आणि खिशातून फोन काढून काहीतरी वाचायला लागला. फोनचा पडदा काळाच होता. मी पुढे गेल्याचं नाटक केलं.

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याचे वडील असेच पायरीपायरीला थांबत गेले होते. मला नवरा हवा होता, आणि पायऱ्या चढणारा हवा होता. मागणं एवढंच होतं.

त्याच महिन्यात वेबसाइटच्या संपादकाचा निरोप आला. पुढची वस्तू: छोटं व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट, पुन्हा भरता येणारी टाकी, बदलता येणारी बॅटरी. पत्ता कळवा, पाठवतो. मी लिहिलं की सिंगापुरात हे आणायला आणि विकायला बंदी आहे, आणि मी धूम्रपान करत नाही. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझ्या बोटांनी पुढे लिहिलं, "माझे यजमान करतात." संपादकाचं उत्तर आलं की पुलापलीकडे जोहोर बारूमध्ये ते उघड्यावर मिळतं, तिथे जाऊन वापरून बघता येईल का?

जोहोर बारू म्हणजे मलेशिया. आमच्या घरापासून एमआरटीने क्रांजी आणि तिथून बस, की समुद्रावरच्या रस्त्याने दुसरा देश. लोक तिकडे पेट्रोल भरायला, केस कापायला आणि स्वस्त किराणा आणायला जातात. आम्ही सिगारेट सोडायला जायचं ठरवलं. नवऱ्याला मी सांगितलं, "हे माझं काम आहे, तू फक्त मदत करायचीस." सोडायला चल म्हटलं असतं तर तो नेहमीच्या उत्साहाने आला असता आणि नेहमीसारखा परतला असता.

शनिवार ठरला. शनिवारी त्याचा उपास असतो. तो शाळेत असताना आईने मारुतीला बोललेलं काहीतरी होतं. ते काय होतं हे आता कुणाला आठवत नाही, पण शनिवार चालू आहे. सिगारेट उपासाला चालते का, असं मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. तो म्हणाला होता, पान आहे ना, वनस्पती आहे. तर दर शनिवारी मी स्टीलच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी भरायचे, त्यातच एक चमचा ठेवायचे, आणि आम्ही दोन पासपोर्ट आणि एक डबा घेऊन निघायचो.

दुकान स्टेशनमागच्या गल्लीत होतं. मालकीण पन्नाशीची तमिळ बाई, कपाळावर भस्माचा पट्टा, हातात काचेच्या बांगड्या. दुकान मुलाने काढलं आणि मग मुलगा क्वालालंपूरला नोकरीला गेला, म्हणून ही बसली होती. तिला धुराचा भयंकर राग होता. दिवसभर पंखा स्वतःकडे वळवून घ्यायची. मी सगळं खरं सांगितलं: यंत्र विकत घेऊ, इथेच वापरू, इथेच ठेवून जाऊ, पुढच्या शनिवारी परत येऊ. ती मला नीट बघून म्हणाली, "सिस्टर, हजबंडला घेऊन देवळात जायचं सोडून इथे येते? नेव्हर माइंड लाह, बस." आणि तिने बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर चिकटपट्टी लावून वर 'सॅटर्डे' असं लिहिलं. ते यंत्र आठवडाभर त्या डब्यात राहायचं. घरात आठ दिवस नांदण्याचा माझा नियम असा दुकानात सहा शनिवारांवर आला.

यंत्र मुठीत मावायचं. वर छोटी पारदर्शक टाकी, तिला बाजूला रबरी बूच. ते उघडून बाटलीतलं सुगंधी द्रव थेंबाथेंबाने भरायचं. खाली झाकण फिरवलं की अंगठ्याएवढी बॅटरी बाहेर यायची. एक संपली की दुसरी घालायची. बटण दाबून ओढलं की आतली तार तापायची आणि द्रवाची वाफ व्हायची. पहिल्या दिवशी नवऱ्याने आंब्याच्या वासाचं द्रव घेतलं आणि मला विचारलं, "हे उपासाला चालेल ना गं?" मी म्हटलं, आंबा फळ आहे, चालेल. मालकीणबाईला ते समजावून सांगितलं तर ती पोट धरून हसली. मग तिने मला कॉफी पाजली आणि तिच्या गुडघ्याचं सगळं सांगितलं.

मी वही काढली. कितीतरी महिन्यांनी मला कामाला बसल्यासारखं वाटलं. टाकी काठोकाठ भरली तर बुचातून गळते. भरल्या भरल्या ओढलं तर जळका वास येतो, पाच मिनिटं थांबावं. बॅटरी अकरापासून साडेतीनपर्यंत पुरते. खिशात बटण चुकून दाबलं जाऊ शकतं, म्हणून प्रवासात बॅटरी काढून वेगळी ठेवावी. नवरा टेस्टर म्हणून अगदीच टाकाऊ होता. काहीही विचारलं की "ठीक आहे" म्हणायचा. मी म्हटलं, दहापैकी गुण दे. तो म्हणाला, "सात." कशाला सात? "ठीक आहे म्हणून."

पण माझं खरं लक्ष त्याच्या वरच्या खिशाकडे होतं. त्यात सिगारेटचं पाकीट असायचं. पहिल्या शनिवारी ते तीनदा बाहेर आलं. दुसऱ्या शनिवारी एकदा. तिसऱ्या शनिवारी ते बाहेर आलं, पण न उघडता परत गेलं. चौथ्या शनिवारी तो पाकीट घरीच विसरून आला आणि हे त्याला दुपारी दोन वाजता, खिचडी खाऊन झाल्यावर लक्षात आलं. स्वतःचा खिसा चाचपून तो माझ्याकडे बघत राहिला. मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचं दाखवलं. लिहिलं काहीच नव्हतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. परत येताना तो बसमध्ये झोपला आणि एकदाही खोकला नाही.

क्रांजीला उतरल्यावर त्याने स्टेशनबाहेरच्या दुकानातून नवं पाकीट घेतलं. त्यात त्याला तरी काय बोलायचं? यंत्र पुलापलीकडे बिस्किटांच्या डब्यात होतं आणि रविवार ते शुक्रवार पुलाअलीकडे होते. मला जे आणायला बंदी होती ते त्याला थांबवत होतं, आणि जे त्याला मारत होतं ते दर शंभर पावलांवर मिळत होतं. नियम करणाऱ्यांची त्यामागे काही कारणं असतील, आणि ती बरोबरही असतील. मी तेव्हा कारणं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. मी फक्त दमले होते. आठवड्यातून एक दिवस बरा होणारा नवरा घेऊन आठवड्यातून सहा दिवस काढायचे होते.

पाचव्या शनिवारी तो म्हणाला, "इकडेच घर घेऊ या का?" हे तो थट्टेत म्हणाला. पण रात्री जेवताना पुन्हा म्हणाला.

सहावा शनिवार शेवटचा होता. परीक्षणासाठी जे हवं ते मला मिळालं होतं. खिचडी खाऊन झाल्यावर नवरा म्हणाला, "डबा मी धुतो." सोळा वर्षांच्या संसारात त्याने आपण होऊन डबा धुतलेला मला आठवत नाही. टेस्टर म्हणवणाऱ्या बाईने तिथेच उठून उभं राहायला हवं होतं. मी मात्र सुखावले. मनात म्हटलं, सिगारेट सुटली की माणसं सुधारतात. तो मागच्या मोरीत गेला, बराच वेळ नळ वाजला, मग त्याने डबा बंद करून माझ्या बॅगेत ठेवला. मालकीणबाईला आम्ही नमस्कार केला. तिने माझ्या हातात पिशवीभर मुरुक्कू दिलं, म्हणजे आपल्या चकल्याच.

बस पुलावर अडकली. शनिवारी दुपारी ती अडकतेच. पुढे वुडलँड्सचं चेकपॉइंट, तिथे सगळ्यांनी उतरून पासपोर्ट दाखवायचे आणि बॅगा यंत्रातून सरकवायच्या. मी खिडकीशी होते, बॅग मांडीवर. काही वेळाने मांडी उबदार लागली. ऊन येतंय असं वाटलं, पण ऊन पलीकडच्या बाजूला होतं. मग वाटलं, डबा गरम आहे. पुढच्या क्षणाला माझ्यातली टेस्टर जागी झाली: डबा रिकामा आहे. सकाळी गरम खिचडी भरलेली, तरी दुपारपर्यंत तो गार झाला होता. रिकामा, धुतलेला डबा गरम का व्हावा?

मी बॅगेत हात घातला. डब्याचं बूड हाताला चटका देत होतं. झाकण उघडलं. आत ओल्या टिश्यूत गुंडाळलेलं ते यंत्र, त्याच्या शेजारी बाहेर काढून ठेवलेली बॅटरी आणि आमचा खिचडीचा चमचा. बसच्या हिसक्यांनी टिश्यू सरकला होता. बॅटरीचं एक टोक चमच्याला टेकलं होतं, दुसरं डब्याला, आणि चमचा डब्याला. स्टीलचा डबा म्हणजे पुरती जोडलेली तार. बॅटरीवरचं प्लास्टिक सुरकुतून फुगायला लागलं होतं. मी चमचा उपटला, बॅटरी रुमालाने उचलून चकल्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीवर ठेवली. आणखी दहा मिनिटं बस अडकली असती तर काय झालं असतं, ते मला माहीत होतं.

"हे काय आहे?"

नवरा पांढराफटक पडला. "हळू बोल."

"मराठीत बोलतेय. कुणाला कळणार आहे?"

"अगं, बॅटरी वेगळी काढून ठेवली होती मी. तूच लिहिलंयस ना, प्रवासात बॅटरी वेगळी ठेवावी."

हे त्याने इतकं प्रामाणिकपणे सांगितलं की मला हसू येईल असं वाटलं. ते आलं नाही. मी विचारलं, "आणि माझ्या बॅगेत का?"

"मागच्या वेळी त्यांनी माझी बॅग उघडली होती. तुझ्याकडे कोण बघतंय?"

त्याला टोचून बोलायचं नव्हतं. तो हिशेबाचं बोलत होता, आणि हिशेब बरोबर होता. या शहरात आल्यापासून माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये लोक मला नाव विचारून माझ्यावरून त्याच्याकडे वळायचे. कार्डावर लिहिलंच होतं. पण त्याने ते वापरावं, हे मला सोसलं नाही. आग लागली असती तर माझ्या मांडीवर लागली असती, आणि पकडलं असतं तर मला.

बस हलली. तो खालच्या आवाजात बोलत होता. इतकं अजिजीने तो माझ्याशी आधी कधी बोलला नव्हता आणि नंतरही नाही. "राहू दे ना. एवढं एकदा जाऊ दे. रोज हातात असलं तर मी सोडीन. तू बघितलंयस ना स्वतः? पाकीट विसरलो होतो मी. अठरा वर्षांत पहिल्यांदा. मी खरंच सोडीन गं."

"मग तुझ्या खिशात ठेव," मी म्हटलं. "सापडलास तर तू सापड."

 तो म्हणाला, "माझा पास गेला तर आपलं सगळंच गेलं. नोकरी, फ्लॅट, सगळं."

"आणि माझा गेला तर?"

 चेकपॉइंटच्या आवारात उतरल्यावर हॉलच्या दाराशी कचऱ्याचा मोठा डबा होता. मी यंत्र टिश्यूसकट त्यात टाकलं. तो माझ्या मागे दोन पावलांवर उभा होता. त्याने हात पुढे केला नाही, पण त्या डब्याकडे तो असा बघत होता की मी मान फिरवली. बॅटरी मी टाकली नाही. बिघडलेली बॅटरी कचऱ्यात टाकायची नसते, ती पेटू शकते. शिवाय नुसती बॅटरी आणायला बंदी नव्हती. ती गार झाली होती. रुमालात बांधून हातात धरली. बॅगा तपासायच्या यंत्रापलीकडच्या अधिकारी बाईने माझा स्टीलचा डबा उघडून बघितला, आत चमचा होता. "लंच फिनिश ऑलरेडी, आंटी?" ती हसून म्हणाली. मी हो म्हटलं.

बाहेर पडल्यावर नवऱ्याने सिगारेट ओढली. मी शेजारी उभी राहिले, ती संपेपर्यंत.

पुढच्या शनिवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून, पासपोर्ट खिशात ठेवून हॉलमध्ये बसला होता. खिचडी झाली का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "परीक्षण झालं माझं. आता कशाला जायचं?" तो म्हणाला, "तिथे ओढून येतो नुसतं. दुसरं घेऊ." मी म्हटलं, जा की मग, रस्ता माहीत आहे. एकटा जाणार नाही हे मला ठाऊक होतं. त्याला वाटत होतं मी येईन, आणि मला वाटत होतं त्याने आधी माफी मागावी. दोघंही वाट बघत बसलो. अकरा वाजता त्याने शर्ट काढून ठेवला. असं दोन-तीन शनिवार झालं, मग तो शर्टही घालेना. वर्ष सरता सरता तिकडची ती दुकानंही बंद झाली. मालकीणबाई कुठे गेली कुणास ठाऊक. पुढे आमच्याकडे ते नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा झालं.

त्या बसमध्ये माझी चूक नव्हती, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. पण त्यानंतरचे शनिवार माझे होते. पुलापलीकडे जायला कायद्याची आडकाठी नव्हती, माझ्या रागाची होती. चार शनिवार आणखी, कदाचित दहा, आणि कदाचित काहीही झालं नसतं. एकच माणूस, आठवड्यातून एक दिवस, आणि तोही उपासाचा. एवढ्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या हाताखालच्या मुलीचा रिपोर्ट पुण्यात असताना मी परत पाठवला असता. माझी अडचण ही आहे की मला ते कधीच कळणार नाही.

परीक्षण मी मन लावून लिहिलं. दोषांच्या रकान्यात एक ओळ होती: सुटी बॅटरी स्टीलच्या डब्यात ठेवू नये. संपादकाने ती गाळली. विचारलं, जेवणाच्या डब्यात बॅटरी कोण ठेवतं? मी वाद घातला नाही. शेवटच्या प्रश्नापाशी मी बराच वेळ बसले. वही समोर होती, सहा शनिवारांची. तीनदा, एकदा, न उघडता परत, घरी विसरला. वहीत जे होतं त्याला मी खोटं म्हणू शकत नव्हते. मी उत्तर लिहिलं आणि पाठवून दिलं. नवऱ्याने माझी परीक्षणं कधी वाचली नव्हती, तेव्हाही वाचलं नाही.

डॉक्टरने पुढच्या वर्षी म्हातारा आकडा सांगितला, ठरल्याप्रमाणे. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. आता इनहेलर आहे. सिगारेट दिवसाला चारवर आली आहे आणि चारवर अडली आहे.

गेल्या महिन्यात आम्ही तपासणीहून परत येत होतो. त्याच ओव्हरहेड ब्रिजवर तो अर्ध्यात थांबला आणि कठड्याला टेकला. आता तो फोन वाचण्याचं सोंग करत नाही, मीही पुढे जाण्याचं नाटक करत नाही. या वेळी मात्र त्याने फोन काढला आणि खरंच वाचायला लागला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ते आपलं यंत्र आज सहज शोधत होतो. नुसतं बघायला. तुझंच परीक्षण आलं पहिलं." मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. सगळ्यात खाली शेवटचा प्रश्न होता. हीच वस्तू तुम्ही आपल्या घरच्या माणसाला द्याल का?

"हो लिहिलंयस तू," तो म्हणाला.

"हो."

"मग?"

 खालून बस गेली, तेव्हा पूल थोडा हलला. त्याचा दम खाऊन होईपर्यंत मी थांबले, मग त्याच्या हातातली रिपोर्टची फाइल घेतली आणि आम्ही उरलेल्या पायऱ्या चढलो.